घरपोच जेवण : निवड कोणाची?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'आहार आणि आरोग्य' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. ती मी अर्धीच पाळणार आहे. तो विषय एवढा मोठा आहे की त्यात वक्ता बुडतो आणि श्रोता झोपतो. म्हणून त्याचा एक लहानसा कोपरा मी मागून घेतला. संध्याकाळी घरी बसून, फोनवर बोट फिरवून आपण जे जेवण बाहेरून मागवतो, ते प्रकृतीला जरा मानवेल असे मागवले जावे यासाठी काय करता येईल, एवढाच आजचा प्रश्न आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण मघाशी मुलुंड स्टेशनावरून इथे चालत येताना एका हॉटेलच्या दारात पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेले सात-आठ तरुण उभे असलेले मी पाहिले. आतून पिशव्या बाहेर येत होत्या, एकेक जण पिशवी पेटीत टाकून फटफटीवर बसत होता आणि त्याची जागा दुसरा घेत होता. हॉटेलात बसून जेवणारी माणसे मात्र चार. बाकीचे सगळे जेवण कोठे चालले होते? आपल्या घरी. या सभागृहातही कोणी व्याख्यान संपता संपता पार्सल दारात यावे असा बेत केला असेल, तर त्यांनी संकोच करू नये. मीही काही सोवळा नाही.

प्रथम माझी एक फजिती सांगतो, कारण या विषयाकडे मी तिच्यामुळे वळलो. तीस वर्षांहून अधिक काळ मी या उपनगरात डॉक्टरकी करतो आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांसाठी मी एक छापील कागद करून ठेवला होता. सकाळी काय खावे, दुपारी काय, रात्री काय. रात्रीच्या सदरात लिहिले होते : ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. कागद शास्त्रशुद्ध होता आणि मला त्याचा अभिमान होता. एके दिवशी चाळिशीच्या एक बाई आल्या. राहणे मुलुंडला, नोकरी अंधेरीला. सकाळी गाडीने घाटकोपर, तेथून मेट्रोने अंधेरी, पुढे रिक्षा. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. घरी पोचायला साडेआठ. यजमानांची पाळी रात्रीची, मुलगा बारावीला. साखर वाढलेली. मी नेहमीप्रमाणे कागद पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि शांतपणे विचारले, "डॉक्टर, सगळे बरोबर आहे. पण ही भाकरी थापणार कोण?"

मजजवळ उत्तर नव्हते. माझ्या कागदात एक न छापलेली ओळ होती, ती त्यांनी वाचली. ती ओळ अशी की घरात कोणीतरी एक बाई आहे, तिला संध्याकाळी दोन तास मोकळे आहेत आणि ते तिने चुलीपाशी घालवायचे आहेत. माझ्या आईच्या काळी ती ओळ खरी होती. आज उपनगरातल्या निम्म्या घरांत ती खोटी आहे, आणि ती खोटी झाली याचे मला दुःखही नाही. दुःख याचे की त्या दोन तासांच्या जागी काय आले याचा विचार आम्ही डॉक्टरांनी केलाच नाही. 'बाहेरचे खाऊ नका' एवढे म्हणून आम्ही हात झटकले.

त्या दिवसापासून मी कागद देणे बंद केले आणि एक नवीनच तपासणी सुरू केली. रोग्याला मी विचारतो, "फोनवर मागे काय काय मागवलेत, ते दाखवता का?" आहाराविषयी माणूस डॉक्टरांपुढे सहज थाप मारतो, मुद्दाम नव्हे, त्याला खरोखरच आठवत नाही. फोन मात्र वाण्याच्या खातेवहीसारखा सगळे लिहून ठेवतो. त्या बाईंनीही आपली वही उघडून दाखवली. वर्षभराच्या ऑर्डरी होत्या, पण पदार्थ मोजून सहा आणि हॉटेले तीन. पनीर बटर मसाला, बटर नान, शेजवान फ्राइड राइस, मंचुरियन, पावभाजी आणि एक बिर्याणी. वेळ बहुधा रात्री नऊच्या पुढची. मी म्हटले, "तुम्हांला पनीर फार आवडते वाटते." त्या म्हणाल्या, "छे हो, वरच असते ना ते!"

'वरच असते ना' हे तीन शब्द मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून वेगवेगळ्या रूपांत ऐकले. आपण समजतो की काय खायचे ते जीभ ठरवते. मला वाटू लागले की दमलेल्या माणसापुरते तरी ते बऱ्याच अंशी पाटी ठरवते. पाटीवर जे वर, ते ताटात.

बाहेरचे जेवण ही काही आजची गोष्ट नव्हे. ही मुंबई बाहेरच्या जेवणावरच वाढली. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून येथे राहत असे, आणि त्याला जेवू घालीत ती खानावळवाली बाई. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. डबेवाल्यांची परंपरा त्याहून जुनी. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ती सुरू केली. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथल्या स्वयंपाकघरांतून निघालेला डबा दुपारी फोर्टातल्या टेबलावर पोचे. पाचएक हजार डबेवाले दररोज दोनेक लाख डबे पोचवीत असे म्हटले जाई. २०२० च्या टाळेबंदीनंतर तो व्याप फारच आटला. गंमत पाहा, तेव्हा घरचे अन्न प्रवास करून कचेरीत जाई, आता हॉटेलचे अन्न प्रवास करून घरी येते. रस्ता तोच, दिशा उलटी.

पण खानावळीत आणि डब्यात एक गोष्ट समान होती. तेथे निवड नव्हती. पाटावर बसल्यावर 'आज काय आहे?' असे विचारायचे आणि असेल ते खायचे. दुधीभोपळा असेल तर दुधीभोपळा. निवडीचे स्वातंत्र्य नव्हते हे खरे, पण आठवड्यातून चार भाज्या, उसळ, आमटी पोटात जात असे, आणि ती कोणाच्या निग्रहामुळे नव्हे.

या दोहोंच्या मध्ये आपल्या उपनगरांनी एक मोठी शहाणी संस्था निर्माण केली, तिचे कौतुक व्हावे तितके झालेले नाही. ती म्हणजे पोळी-भाजी केंद्र. विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड, कोठेही जा; एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर आठ बाय दहाची जागा, दोन-तीन बायका पोळ्या लाटताहेत आणि बाहेर एक फळा. त्यावर खडूने लिहिलेले असते : आज — मेथी, वाल, कोशिंबीर, वरण. निवड आहे, पण मेथी घ्यावी की वाल, एवढीच. कसेही निवडले तरी तुमचे फारसे बिघडत नाही. येथेही कोठे कोठे भाजी तेलात पोहते, हे मी जाणून आहे. तरीसुद्धा फळा पाहा. फळ्यावरची पहिली ओळ मेथीची आहे.

आता फोनचा फळा पाहू. तेथे शेकडो हॉटेले आणि हजारो पदार्थ आहेत, म्हणजे स्वातंत्र्य अपार. पण माणूस हजार पदार्थ वाचीत नाही. तो पहिले दोन-तीन पडदे पाहतो. तेथे छायाचित्रे असतात. ती लोण्याची, चीजची, लाल रश्श्याची. भोपळ्याच्या भाजीचे छायाचित्र काढायला कोणी जात नाही. बाजूला सवलतीचे आकडे. मग तुम्ही एक भाजी आणि दोन रोट्या घेतल्या की यंत्र नम्रपणे सुचवते : आणखी अमुक रुपयांचे घ्या, म्हणजे पोचवण्याचा आकार पडणार नाही. चाळीस रुपये वाचवण्यासाठी आपण ऐंशी रुपयांचे गुलाबजाम घेतो. जेवणाबरोबर थंड पेय 'जोडीने स्वस्त' असते. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. भाजीचे माप दोघांचे, खाणारा एक, आणि 'टाकायचे कशाला' हा आपला जुना संस्कार त्या उरलेल्या अर्ध्या भाजीलाही पोटातच जागा करून देतो.

यात कोणी राक्षस नाही. दुकानदाराने चांगला माल दर्शनी मांडावा ही बाजाराची रीतच आहे. भाजीवालीही टोमॅटोची लाल बाजू वर करते. पण भाजीवालीपाशी आपण सकाळी, पोट भरलेले असताना जातो. या पडद्यापुढे आपण रात्री नऊला, भुकेले आणि लोकलमध्ये चेंगरून आलेले असे बसतो.

मुंबईकरांच्या प्रकृतीचे मान काय आहे हेही पाहा. मुंबई महानगरपालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ साली मुंबईतील प्रौढ माणसांची पाहणी केली. त्यात शंभरात ३४ जणांना रक्तदाब आणि १८ जणांना मधुमेह आढळला. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे लहान सपाट चमचाभर. ते सरासरी ८.६ ग्रॅम निघाले. पुरेशी भाजी आणि फळे न खाणारे शंभरात ९४. हे सगळे फोनने केले असे मी म्हणणार नाही. आपला वडापाव, आपले फरसाण, आपली पापड-लोणची यांनी तो पाया आधीच भक्कम घातला होता. पण ज्या शहरात आधीच एवढे मीठ आणि एवढी थोडी भाजी, त्या शहराच्या रात्रीच्या फळ्यावरून भाजी पुसली जाणे ही चेष्टेची गोष्ट नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शिका काढली. तिच्या हिशेबी दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम हव्यात आणि तेल-तूप २७ ग्रॅम, म्हणजे मोठे दोन चमचे. हॉटेलच्या तर्रीदार भाजीची वाटी तिरकी करून पाहा. दिवसाचा हिशेब तेथेच उरकलेला दिसेल.

मग उपाय काय? पहिला सुचतो तो माहिती देण्याचा. कोणत्या पदार्थात किती कॅलरी ते छापा, लोक आपोआप शहाणे होतील. न्यूयॉर्क शहराने २००८ साली मोठ्या साखळी हॉटेलांना हे सक्तीचे केले. आपल्याकडेही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा तसा नियम २०२२ पासून लागू आहे. ज्यांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत अशा हॉटेलांनी पदार्थासमोर कॅलरी लिहायच्या, आणि फोनवरून विक्री करणाऱ्यांनीही ते आकडे दाखवायचे. नियम चांगला आहे, मला तो हवाच आहे. पण आपल्या कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलाला दहा शाखा नसतात, त्यामुळे आपण जे खरोखर मागवतो त्यातल्या बहुतेकांसमोर आकडाच नाही. आणि जेथे आकडे लागले तेथे, न्यूयॉर्कचा अनुभव धरून, परिणाम झाला तो बेताचाच. याचे मला नवल वाटत नाही. नऊ वाजता भुकेल्या माणसापुढे '७२०' असा आकडा ठेवला तर तो त्याला एखाद्या बसच्या क्रमांकासारखा दिसतो.

दुसरा मार्ग पाटीची मांडणी बदलण्याचा. याची एक विलक्षण हकीकत चीनमध्ये घडली. ती जेवणाची नाही, काटेचमच्यांची आहे, पण आपल्याला उपयोगी आहे. तेथल्या अलिबाबा कंपनीच्या ई-ले-मा या घरपोच जेवणाच्या सेवेत पूर्वी प्रत्येक पार्सलाबरोबर प्लॅस्टिकचे काटेचमचे आपोआप येत. पुढे बीजिंग, शांघाय आणि टिएन्जिन या शहरांत रीत उलटी केली. आता ते आपोआप येणार नाहीत; हवे असतील त्याने मागावे, आणि न मागणाऱ्याच्या खात्यावर काही गुण जमा व्हावेत. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काटेचमचे नको म्हणणाऱ्या ऑर्डरींचे प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे जवळजवळ साडेसातपट. कोणावर बंदी नाही, कोणाला उपदेश नाही. झोमॅटोनेही ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याकडे हीच रीत आणली. आठवून पाहा, पूर्वी स्वयंपाकघराच्या खणात पांढऱ्या चमच्यांचा ढीग साठत असे. तो वाढेनासा झाला असेल तर त्याचे श्रेय आपल्या पर्यावरणभक्तीला देऊ नका. एका लहानशा चौकटीतली खूण कोणीतरी काढून टाकली, एवढेच घडले.

चमच्याच्या बाबतीत जे झाले ते नानाच्या बाबतीत का होऊ नये? ब्रिटनमध्ये संशोधकांनी खोटी, म्हणजे केवळ प्रयोगापुरती तयार केलेली, जेवण मागवण्याची पाटी हजारो लोकांपुढे ठेवली. कमी कॅलरींची हॉटेले आणि पदार्थ यादीत वर आणले, तेव्हा लोकांनी मागवलेल्या जेवणातल्या कॅलरी उतरल्या. दुसरीकडे काही हलवले नव्हते. फक्त वरचे खाली आणि खालचे वर. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. दुपारचे जेवण ऐन वेळी मागवणाऱ्यांपेक्षा तासभर किंवा अधिक आधी मागवणाऱ्यांच्या जेवणात कॅलरी कमी असत. भूक लागण्यापूर्वीचा माणूस आणि भूक लागल्यानंतरचा माणूस ही दोन वेगळी माणसे आहेत, हे आपल्या आजीलाही माहीत होते. तिने ते मोजले नव्हते इतकेच.

आता कोणी म्हणेल, ही तर लबाडी झाली. लोकांना न विचारता त्यांचे ताट तुम्ही ठरवणार? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण लोकांच्या ताटात डोकावण्याची हौस आपल्या देशात थोडी नाही, आणि तिच्यापायी काय काय होते तेही आपण पाहतो. पण येथे प्रश्न असा आहे की पाटी आज मोकळी आहे काय? वर काय आणि खाली काय हे आजही कोणीतरी ठरवतेच. ज्याने जाहिरातीचे पैसे भरले ते हॉटेल वर येते. मग त्याच पाटीवर 'साधे जेवण' असा एक कप्पा वर असावा, आणि ज्याला बटर नान हवा त्याने बोटभर खाली जाऊन तो खुशाल घ्यावा, असे म्हणण्यात कोणाचे स्वातंत्र्य बुडते? मला नान बंद करायचा नाही. तो मागितल्यावर यावा, न मागता येऊ नये, एवढेच.

हॉटेलवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. माझ्या ओळखीचे एक उडुपी हॉटेलचे मालक आहेत. त्यांना मी मोठ्या उत्साहाने हे सगळे सांगितले. त्यांनी कॉफी दिली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, फुलका वीस मिनिटांत चामडे होतो, नान मऊ राहतो. कोशिंबिरीला वाटेत पाणी सुटते, मग गिऱ्हाईक एक तारा देते. भाजीवर तेलाचा तवंग असला की भाजी दिसायला ताजी दिसते. तेल कमी घातले तर 'चव गेली' म्हणून लिहितात. आम्ही काय करावे?" हे सगळे खरे आहे. पार्सलाचे स्वतःचे एक शास्त्र आहे. जे प्रवासात टिकते ते पुढे येते, आणि जे टिकते ते बहुधा मैद्याचे, तेलाचे किंवा मिठाचे असते. प्रकृतीचा प्रश्न येथे वाहतुकीचा प्रश्न होऊन बसतो.

तरी आम्ही दोघांनी मिळून थोडे डोके चालवले. त्यांनी भाज्यांची हाफ प्लेट यादीत घातली. आधी ती फक्त हॉटेलात मिळे, पार्सलात नव्हे. एकटे राहणाऱ्यांची ती सोय झाली आणि ती चांगली खपू लागली. कोशिंबिरीऐवजी काकडी-गाजराच्या जाड फोडी, वर काही न घालता. त्यांना पाणी सुटत नाही. जोडीच्या जेवणात थंड पेयाच्या जागी ताक. ताकाला नफा कमी, असे ते म्हणाले, पण ठेवले. 'तवंग कमी' असा पर्याय मात्र चालला नाही. तो फारसा कोणी निवडला नाही आणि ज्यांनी निवडला त्यांनी तक्रार केली. तेव्हा त्यांनी न सांगताच भाजीतले तेल महिन्या-महिन्याने थोडे थोडे उतरवले. तक्रार आली नाही! हे गुपित मी आज फोडतो आहे, पण त्यांचे नाव सांगत नाही.

एक गोष्ट येथे मध्येच सांगायची आहे, ती विषयाला सोडून नाही. जो मुलगा आपले जेवण आणतो तो काय खातो? माझ्याकडे येणाऱ्या अशा तरुणांना मी विचारले आहे. दुपारची धावपळ संपली की तीन-चार वाजता गाडीवरचे दोन वडापाव आणि चहा. रात्री घरी गेल्यावर बाराच्या पुढे भात. पाठीवर दिवसभर वीस जणांची जेवणे आणि स्वतःच्या जेवणाला वेळ नाही. पंचविशीत ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारी ही मुले पाहिली की, निवड सुधारा असे सांगणारा मी जरा गप्प होतो. त्यांना यादीच कोणी दाखवलेली नाही.

असो. कंपन्यांनी काय करावे, सरकारने काय करावे हे आपण ठराव करून कळवू. चालक मंडळींना मी तशी विनंतीच करणार आहे. पण तोपर्यंत रात्रीचे नऊ रोज वाजणार आहेत. तेव्हा घरापुरते काय करता येते? मघाच्या त्या अंधेरीच्या बाईंनी जे केले ते सांगतो, कारण माझ्या कागदापेक्षा ते कामाचे निघाले. त्यांनी एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, नवरा आणि मुलगा यांना घेऊन फोन उघडला आणि पाटीच्या तळापर्यंत गेल्या. भरल्या पोटी! पाचव्या-सहाव्या पडद्यावर त्यांना त्याच हॉटेलात डाळ-पालक सापडली, मिश्र भाजी सापडली, तंदुरी रोटी बिनलोण्याची सापडली. एका मालवणी ठिकाणी भाकरी आणि सोलकढी सापडली. अशा चार ऑर्डरी तिघांनी मिळून ठरवल्या आणि फोनमध्ये खूण करून ठेवल्या. आता रात्री निवडायचे नसते, चारांतली एक दाबायची असते. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरून गाडीची वाट पाहताना, म्हणजे पोटात कावळे ओरडण्यापूर्वी, त्या ती दाबतात आणि पोचण्याची वेळ पुढची देतात. भात मुलगा कुकरला लावतो. बारावीच्या मुलाला कुकर लावता येतो हा शोध त्या घरात याच निमित्ताने लागला. शनिवारी पावभाजी येते, आणि तिच्याबद्दल मी विचारीत नाही. सहा महिन्यांनी साखर उतरली होती. औषधही चालू होते, तेव्हा सगळे श्रेय मी डाळ-पालकाला देणार नाही. पण कागद देऊन जे कधी झाले नव्हते ते झाले होते.

दुसरे घर बोरिवलीचे. आजी एकट्या, वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाब जुना. मुलगा अमेरिकेत न्यूजर्सीला. तो तेथून फोनवर बोट दाबतो आणि आईच्या दारात जेवण येते. आपल्या उपनगरांत अशी किती घरे असतील! विज्ञानाने एवढे तरी माणसाला जवळ आणले म्हणून मी ते कौतुकाने ऐकत होतो. पण आजींच्या पायाला सूज होती आणि रक्तदाब हटत नव्हता. त्यांच्या भाचीने फोन दाखवला. मुलगा प्रेमाने पाठवीत होता : दाल मखनी, मलई कोफ्ता, मंचाव सूप, आणि प्रत्येक वेळी एक गोड. आईला कशाची उणीव नको. मी आजींना म्हटले, "त्याला सांगत का नाही, हे नको म्हणून?" त्या म्हणाल्या, "कसे सांगू? तेवढाच त्याचा हात लागतो माझ्या जेवणाला."

औषध लिहिणे सोपे होते, हे कठीण होते. शेवटी भाचीने आणि मी मिळून मुलाला फोन केला. त्याला धक्काच बसला. तो म्हणाला, "मला जे वर दिसते तेच मी पाठवतो हो. खाली आणखी काय आहे ते मी कधी पाहिलेच नाही." सात समुद्रांपलीकडून तेच तीन शब्द! आजींच्या गल्लीतच एक पोळी-भाजी केंद्र होते, पण ते त्या पाटीवर नव्हते. केंद्रातल्या बायकांना त्यात पडायचे नव्हते, त्यांची दलाली परवडत नाही म्हणाल्या. तेव्हा ठरले असे की केंद्रातली बाई सकाळी फळा लिहिला की त्याचे छायाचित्र मुलाला पाठवील. तेव्हा तेथे रात्र असते. झोपण्यापूर्वी तो फळा वाचतो आणि आईसाठी भाजी सांगतो. आजींचे मीठ वेगळे, हे केंद्राला एकदाच सांगून ठेवले आहे. पैसे तो महिन्याचे महिन्याला पाठवतो.

गेल्या महिन्यात आजी तपासायला आल्या होत्या. सूज उतरली आहे. मला म्हणाल्या, "डॉक्टर, परवा त्याने कारले सांगितले. लहानपणी ताटातले कारले भिंतीमागे टाकायचा, आणि आता मला कारले पाठवतो!" रविवारी गुलाबजाम येतो का, असे मी विचारले. त्या हसल्या आणि पदर सावरून उठल्या.